फर्माईशीतले तिसरे नाव

‘दादाच्या गाण्यांच्या वेडापायी आमच्या घरातला रेडिओ गेला. वरच्या मजल्यावरच्या पंजाबी मुलीचे नाव त्याने आमच्या आडनावासकट फर्माईशीच्या कार्डावर लिहून धाडले, आणि एका रविवारी दुपारी ते साऱ्या सेक्टरने ऐकले. बाबांनी रेडिओ उचलून देऊन टाकला तो कायमचा. आईला मात्र त्याचे काही वाटले नसावे. सिनेमाच्या गाण्यांत तिला कधीच रस नव्हता. ती आपली स्तोत्रांत आणि स्वयंपाकात.’

वरील मजकूर माझ्या धाकट्या बहिणीचा, शैलाचा आहे. येथील मराठी मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत तो छापून आला. तो वाचून ज्यांनी मला फोन केले आणि ‘काय विनायकराव, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात’ म्हणून हसून घेतले, त्यांच्यासाठी मी हे प्रकरण लिहीत आहे. शैला तेव्हा अकरा वर्षांची होती, मी पंधराचा. रेडिओ गेला हे खरे आहे, तो बाबांनी दिला हे खरे आहे, रविवारची दुपार होती हेही खरे आहे. उरलेली दोन विधाने, म्हणजे कार्ड मी लिहिले हे आणि आईला गाण्यांत रस नव्हता हे, दोन्ही खोटी आहेत. माझ्या आयुष्याला जी कडू चव लागून राहिली, ती या दोन विधानांची आहे. म्हणून ती तशीच सोडून जाणे मला मंजूर नाही.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि बदली होऊन आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातून थेट चंडीगढच्या या आखीव शहरात येऊन पडलो होतो. सेक्टर बावीसमधल्या सरकारी घरांच्या एका ओळीत खालचा मजला आमचा, वरचा भल्लांचा. ओळीतली सगळी घरे एकाच नकाशावरून बांधलेली. बैठकीच्या खोलीत विजेचा प्लग एकच, आणि तो प्रत्येक घरात त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर. त्यामुळे प्रत्येक घरातला रेडिओही त्याच जागी. दुपारी एखादे गाजलेले गाणे लागले की त्या ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे, आणि गाण्यातला एक शब्दही चुकू नये. आज कोणाला हे सांगितले की तो ‘किती छान’ म्हणतो. छान नव्हते. जे गाणे साऱ्या ओळीला एकाच वेळी ऐकू येते, त्यात कोणाचे नाव घेतले गेले तर तेही साऱ्या ओळीला एकाच वेळी ऐकू येते.

आमचा रेडिओ पत्र्याच्या ट्रंकेवर, आईने विणलेल्या क्रोशाच्या झाकणाखाली असे. लावला की तापायला वेळ घेई, मग त्याचा हिरवा डोळा हळूहळू मिटत येई आणि आवाज उमटे. आठवड्याला एकदा गाजलेल्या गाण्यांचा क्रम जाहीर होई. तो मी एका वहीत टिपून ठेवी, आणि शैला दुसऱ्या वहीत टिपे, कारण माझ्या वहीवर तिचा विश्वास नव्हता. तो आजही नाही. त्या वर्षी माझे गाणे गिटारचे होते. नायक त्यात गाण्यापेक्षा ओरडतच अधिक होता आणि मला तेच हवे होते. शैलाचे गाणे झोक्याचे, घुंगरांचे. या दोन पक्षांच्या भांडणात तिसरेच एक गाणे खालून चढत आले. संथ, जवळजवळ वाद्यांविना. एक बाई कोणाचेही नाव न घेता, कोणाला तरी आपण अजून इथेच आहोत एवढेच सांगत असलेली. मी त्याला रडके गाणे म्हणत असे. ते दुसऱ्या क्रमांकावर आले आणि माझे गाणे त्याने खाली ढकलले, त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. हे मुद्दाम नोंदवतो, कारण फर्माईशीच्या कार्डावर जे गाणे मागितले होते ते हेच रडके गाणे होते. जो मुलगा त्या गाण्यापायी उपाशी राहिला, तो त्याची फर्माईश करील काय, याचे उत्तर शैलाने स्मरणिकेत दिलेले नाही.

आता आईला रस नव्हता या विधानाकडे येतो. आईचा स्वयंपाक पंपाच्या स्टोव्हवर होई. त्या स्टोव्हचा आवाज असा की स्वयंपाकघरात बसून बाहेरचे काहीही धड ऐकू येऊ नये. अमसुलाची आमटी उकळत असे, फ्लॉवर चिरलेला असे, आणि बाहेर ते संथ गाणे सुरू झाले की आई स्टोव्हची किल्ली सैल करून हवा सोडून देई. भस्सकन आवाज होई आणि घर शांत होई. गाणे संपेपर्यंत ती हातातली पळी तशीच धरून बसे. मग पुन्हा पिन मारणे, काकडा पेटवणे, पंप मारणे. बाबा आतून विचारत, ‘आज भाजीला उशीर का?’ आई म्हणे, ‘स्टोव्ह विझला.’ एक स्टोव्ह आठवड्यातून चार वेळा, तोही नेमका त्याच गाण्याला विझतो, हे ज्या मुलीला दिसले नाही तिने आईच्या आवडीनिवडीवर लेख लिहू नये.

वरच्या भल्लांची मुलगी माझ्याच वयाची, कुसुम नावाची. आईचा तिच्यावर जीव होता. आईला हिंदी धड येत नसे. बाजारात ती बोट दाखवून भाजी घेई. पण जिन्याखाली उभे राहून ‘कुसुम, ए कुसुम’ अशी हाक मात्र ती दिवसातून दहा वेळा मारी. कधी थालीपीठ द्यायला, कधी वाळत घातलेले कपडे उडाले हे सांगायला, आणि कित्येकदा कशालाच नाही. मुलगी खाली येई, विचारी, ‘हाँ आंटी?’ आई म्हणे, ‘कुछ नहीं. ऐसेच.’ आम्ही हसत असू. मला तर आई तिला सून करून घेणार की काय अशी धास्ती होती, आणि तशी धास्ती मी शैलापुढे बोलून दाखवली होती, ही माझी चूक. तिने ती साठ वर्षे सांभाळून ठेवली.

फर्माईशीची कार्डे आम्ही सगळेच धाडत असू. त्यात गाण्याचे महत्त्व कमी, नावांचे अधिक. लोक शेजाऱ्यांची, मित्रांची, न जन्मलेल्या भावंडांची नावे घालून यादी लांबवत. आमचे एकही कार्ड कधी वाचले गेले नव्हते. आई मामाला पत्रे लिहायला कार्डे आणून तुरीच्या डब्यामागे ठेवी, त्यांतलीच एकदोन आम्ही लांबवत असू. ‘पोस्टाची भर करा,’ ती म्हणे.

तो रविवार हिवाळ्याचा होता. जेवणे आटोपली होती. बाबा खाटेवर वर्तमानपत्र घेऊन पडले होते, शैला उन्हात मटार सोलत होती. निवेदिकेने दोनतीन गावांची नावे घेतली आणि मग म्हणाली, ‘चंडीगढ़, सेक्टर बाईस से, विनायक, शैला और कुसुम फणसळकर.’ मी उडी मारली. हे मी कबूल करतो, कारण माझ्या विरोधकांनी या उडीचा पुरावा म्हणून वापर केलेला आहे. रेडिओवर स्वतःचे नाव ऐकून पंधरा वर्षांचा मुलगा दुसरे काय करणार? तिसरे नाव माझ्या कानात शिरले तेव्हा गाणे सुरू झालेले होते. ते संथ गाणे. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, ओले हात पदराला न पुसता. गाणे आमच्या घरात वाजत होते, वर भल्लांकडे वाजत होते, साऱ्या ओळीत वाजत होते, आणि ते संपण्याआधी जिन्यावर पावले वाजली.

भल्लाजी मोठ्या देहाचे, अतिशय मृदू बोलणारे गृहस्थ. दारात उभे राहून ते म्हणाले, ‘फणसळकर साब, ये क्या था?’

‘क्या था, जी?’ बाबा उठून बसले.

‘मेरी लड़की का नाम आपके नाम के साथ बोला है रेडियो पे. पूरी लाइन ने सुना है.’

बाबांनी तेव्हा वळून पाहिले. माझ्याकडे नाही, आईकडे. पुरते दोनतीन श्वास ते तिच्याकडे पाहत राहिले. मला ते दिसले, पण त्याचा अर्थ कळला नाही. मग ते उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी मला थोबाडीत मारली.

‘कोणी लिहिलं?’

‘मी नाही.’

‘मग कोणी? शैलानं?’

‘मला नाही माहीत, बाबा. शप्पथ.’

‘शपथा घेतोस वर?’ आणि दुसरी मारली. मग भल्लाजींकडे वळून, हात जोडून म्हणाले, ‘बच्चा है. गलती हो गई. माफ कर दीजिए.’ अशा रीतीने माझा कबुलीजबाब माझ्या वतीने, माझ्या समक्ष, माझ्या बापाने देऊन टाकला. मी आईकडे गेलो. ‘आई, तू सांग ना. मी कार्ड नाही टाकलं.’ आई माझ्या गालाकडे पाहत होती. ती म्हणाली, ‘आत चल. तोंड धू.’ एवढेच.

दुसऱ्या दिवशी बाबांनी रेडिओ कचेरीतल्या एका चपराशाला देऊन टाकला. ट्रंकेवर क्रोशाचे झाकण तेवढे उरले. ओळीतून चालत गेले की गाणे आमच्या दारापाशी तुटे आणि पुढच्या दाराशी पुन्हा सुरू होई. शाळेत मला ‘रेडियो’ म्हणू लागले, मास्तरसुद्धा. आठवड्याच्या आत भल्लांनी कुसुमला तिच्या आत्याकडे जालंधरला धाडले, आणि परीक्षेलाही न बसवता तिचे लग्न लावून दिले. ती गेली त्या सकाळी मी खिडकीत होतो. सायकलरिक्षात ती आईबापांच्या मध्ये बसली होती आणि तिने आमच्या घराकडे पाहिले नाही. न केलेल्या अपराधाची मला लाज वाटली. ती लाज अजून गेलेली नाही, आणि ती खऱ्या अपराध्याच्या लाजेहून निराळी असते असे मला दिसलेले नाही. आई त्यानंतर जिन्याखाली उभी राहिली नाही. तिने कोणालाही हाक मारली नाही. आमचा स्टोव्ह पुन्हा कधी मध्येच विझला नाही.

परवा मंडळात ‘सुवर्णकाळाची गाणी’ असा कार्यक्रम झाला. आयटी पार्कात नोकरी करणारी मराठी मुले पडद्यावरचे शब्द वाचून ती गाणी म्हणत होती, आणि माझ्या वयाची मंडळी डोळे मिटून माना हलवत होती. निवेदक म्हणाला, तो काळ किती निष्पाप होता. मी उठून बाहेर आलो. माझा नातू मागोमाग आला. तो मराठी समजतो, उत्तर हिंदीत देतो. ‘क्या हुआ आजोबा? कौनसा गाना चाहिए, बोलो ना.’ मी त्याला त्या संथ गाण्याचे वर्णन सांगितले. त्याने फोनवर ते अर्ध्या मिनिटात काढले आणि विचारले, ‘ओरिजिनल या रीमिक्स?’ आईला जे ऐकण्यासाठी स्टोव्ह विझवावा लागे, ते त्याच्या खिशात दोन तऱ्हांनी पडलेले आहे. मला ते पहिल्या कडव्यापलीकडे ऐकवले नाही.

खरे काय ते मला कळले बऱ्याच वर्षांनी. मी नोकरीला लागलो होतो, शैला लग्न होऊन पुण्याला गेली होती, आणि बाबा नुकतेच वारले होते. मामा भेटायला आले. ते आईहून मोठे, आणि आम्ही लहान असताना एवढ्या लांब कधी आलेच नव्हते. चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, ‘कुसुमे, साखर विसरलीस हो.’ आई साखर आणायला उठली. मी विचारले, ‘कुसुम कोण?’ मामा हसले. ‘अरे, तुझी आई. सासरी सुमती झाली. तुझ्या बापानं ताटातल्या तांदळांत अंगठीनं लिहिलंन ना नाव, मी समोर होतो.’ आमच्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलत. यात नवल नव्हते. नवल एवढेच की आईलाही आधीचे नाव असेल, हे आम्हा भावंडांच्या कधी मनातही आले नव्हते.

तेव्हा मला बाबांची ती नजर कळली. नाव कानावर पडताच घरात फक्त एका माणसाला समजले होते की ही कुसुम कोणती, कारण ते नाव पुसून त्यावर दुसरे लिहिणारा तोच होता. आपली बायको, दोन मुलांची आई, जुन्या नावाने रेडिओवर प्रेमाचे गाणे मागते, हे भल्लांना सांगण्यापेक्षा त्यांना मुलाला मारणे सोपे वाटले. आईची चूक तर अशी की जगात दुसरे कोणी ती करणार नाही. या परक्या मुलखात आपले ते नाव कोणालाच ठाऊक नाही, म्हणून ते लिहायला हरकत नाही, असे तिला वाटले. त्याच नावाची मुलगी डोक्यावरच्या मजल्यावर राहते, जिला आपण त्या नावाने रोज दहा हाका मारतो, हे तिच्या ध्यानातच आले नाही. लिहिताना ती स्वतःखेरीज कोणाला पाहत नव्हती. बहुधा आयुष्यात तेवढे एकदाच.

मामा गेल्यावर मी आईला विचारले. ती मेथी निवडत होती.

‘आई, ते कार्ड तू टाकलं होतंस?’

‘कसलं कार्ड?’

‘तुला माहीत आहे कसलं.’

तिने जुडी सोडवली. ‘किती जुनं काढतोस रे. बस, मेथी निवडू लाग.’

मी बसलो नाही. पुन्हा विचारलेही नाही. ती आपण होऊन बोलेल म्हणून मी वाट पाहिली, आणि ती त्यानंतर एकवीस वर्षे जगली. आम्ही एका घरात राहिलो, एका ताटलीतले खाल्ले, आणि मी तिला कधी क्षमा केली नाही, कारण तिने ती कधी मागितली नाही. हा माझा ताठरपणा होता असे शैला म्हणते. असेल.

स्मरणिका हाती पडताच मी शैलाला पुण्याला फोन केला.

‘दादा, तू अजून तेच घेऊन बसलायस? लोकांना मजा वाटली वाचून.’

‘मला नाही वाटली.’

‘मामांचं म्हणशील तर त्यांच्या मुलीचं नाव कुसुम. म्हातारा माणूस, गोंधळला असेल. आणि आईला कुठे हिंदी लिहिता येत होतं?’

‘तीन नावं आणि एक गाणं लिहायला हिंदी किती लागतं? अक्षरं तीच आहेत.’

‘बरं, समज आईचं नाव होतं कुसुम. पण वरच्या मुलीचंही होतंच ना? तू तिचं लिहिलंस. एक नाव दोघींचं असू शकतं, दादा. त्यानं काय सिद्ध होतं?’

मी फोन ठेवला. साठ वर्षांत तिने केलेला हा एकच युक्तिवाद मला खोडता आला नव्हता, आणि तो मनात घेऊन मी काही महिने काढले. नाव आईचे होते, इतके मला ठाऊक होते. कार्ड आईचे होते, याचा साक्षीदार उरला नव्हता. बाबा गेले, आई गेली, मामा गेले. मीच खोटा ठरून जाणार, हे मी जवळजवळ मान्य केले होते.

या थंडीत मोतीबिंदू दाखवायला मी मोहालीच्या एका दवाखान्यात गेलो. नर्सने माझे आडनाव अडखळत पुकारले. शेजारच्या बाकावरची पांढऱ्या केसांची, काठी घेतलेली बाई वळली. ‘फणसळकर? सेक्टर बाईस वाले?’ ती मुलाकडे राहायला आली होती. तिने आपले नाव सांगितले नाही आणि मला ते विचारावे लागले नाही.

मी उभ्याउभ्याच म्हणालो, की ते कार्ड मी धाडले नव्हते. एवढ्या वर्षांनी, दवाखान्यात, पहिले वाक्य हेच.

‘मुझे पता है,’ ती म्हणाली. ‘मुझे तो तभी पता था.’

आईच्या नावाविषयी मी तिला काही सांगितलेले नव्हते; आमच्यात बोलणे झाले होते ते एवढेच.

‘जिस सुबह मुझे जालंधर ले गए, आंटी ऊपर आई थीं. मम्मी नहा रही थीं, मैं अकेली थी. मैंने कहा, आंटी, नीचे चलके सबको बोल दो. उन्होंने हाथ जोड़ दिए, मेरे आगे. तो मैंने वादा कर दिया, किसी से नहीं कहूँगी. अब तो वो हैं नहीं.’

नर्सने माझे आडनाव पुन्हा पुकारले. मी गेलो नाही. आई जिना चढून वर गेली होती. एका परक्या मुलीला तिने ते सांगितले, आणि खाली खिडकीत मी उभा होतो. मी विचारले, आई नेमके काय म्हणाली. शैलाने हे स्मरणिकेच्या पुढच्या अंकात छापावे अथवा छापू नये. आईने जिन्याच्या वरच्या पायरीवरून त्या मुलीला सांगितलेले वाक्य असे आहे: ‘बेटी, तेरा नाम मैंने नहीं लिखा. वो कुसुम मैं है.’